सतरा नंबरचं घर

३ फेब्रुवारी, सोमवार

पाच धंदे निवडले बॉसने. त्यातला पाचवा कुणाचा? धाकटीचा! माझ्या सख्ख्या जावेचा!

तो यादी वाचत होता आणि मी पेनचं टोपण चावत बसले होते. लोक महिनोन्महिने परगावी राहतात आणि मागे घरं बंद. अशा घरांवर लक्ष ठेवणारे धंदे हल्ली निघालेत. आठवड्याला एक चक्कर मारायची, नळ सोडून बघायचे, गळती, उंदीर, वीज तपासायची आणि मालकाला नोंद पाठवायची – घर ठीक आहे किंवा नाही. या लोकांसाठी सॉफ्टवेअर करावं का, केलं तर त्यांना नेमकं काय हवंय, हे महिन्याभरात शोधायचं. शोधणार मी. अहवाल जमला तर नवी टीम माझ्या हाताखाली. अकरा वर्षांनी एकदाची!

"या बाईंचं फार नाव ऐकतो," बॉस म्हणाला. "तुमच्या ओळखीच्या आहेत का?"

"थोड्याफार," म्हटलं.

चौदा वर्षं एका घरच्या सुना. थोड्याफार!

४ फेब्रुवारी, मंगळवार

सासूबाईंपर्यंत बातमी पोचली. नवऱ्याच्या पोटात काही राहत नाही. "अगं, मग तिलाच विचार की सगळं! बाकीच्या चार ठिकाणी कशाला वणवण करतेस?"

राहतात माझ्याकडे. गोळ्यांच्या वेळा मी सांभाळते, डॉक्टरकडे मी नेते, आणि गोडवे कुणाचे? रविवारी तासभर येऊन हसून जाणारीचे. मी कणीक जरा जोरात आपटली. त्यांना ऐकू आलं असेल तर बरंच झालं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आईच्या घरी जायला हवं. या रविवारी नक्की.

९ फेब्रुवारी, रविवार

नाही गेले. धाकटी आणि दीर जेवायला होते, कशी जाणार?

धाकटी आली ती सासूबाईंसाठी चष्म्याची दोरी घेऊन. साधी काळी दोरी. सासूबाई दिवसभर ती गळ्यात मिरवतायत. मी गेल्या महिन्यात नवी काच बसवून आणली त्याचं कुणाला काही नाही.

जेवताना नवऱ्याने विचारलं, "तुझ्या आईच्या घरी चक्कर मारलीस का गं इतक्यात?" सगळ्यांसमोर! म्हटलं, मारते की अधूनमधून. किल्ली माझ्याकडेच आहे, ड्रॉवरमध्ये. खरं सांगायचं तर आई गेल्यापासून, म्हणजे चौदा महिन्यांत, मी एकदाही गेलेले नाही. पुलापलीकडे, बसने वीस मिनिटं. अवघड काही नाही. होत नाही, एवढंच.

तर धाकटी पटकन म्हणते, "वहिनींनी मावशींचं घर कसं लखलखीत ठेवलंय!" माझ्या आईला ही मावशी म्हणायची.

हिला काय माहीत? ही कधी गेली बघायला? तोंडदेखलं बोलण्यात हिचा हात कुणी धरणार नाही. आणि नवरा कसा कौतुकाने बघत होता – माझ्याकडे नाही, तिच्याकडे, माझं कौतुक केल्याबद्दल!

११ फेब्रुवारी, मंगळवार

पहिला धंदा – निवृत्त पोलिस. चोवीस प्रश्नांचा कागद नेला होता. हे हवं का, ते हवं का. चोवीसच्या चोवीस वेळा "हवं" म्हणाला. शेवटी मी मुद्दाम विचारलं, सॉफ्टवेअरने शिटी वाजवलेली हवी का? "हवी! मोठी!"

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दुसरा प्लंबर आहे. लोकांच्या घरी पाइप दुरुस्त करता करता किल्ल्या गोळा झाल्या आणि धंदाच झाला म्हणतो. तिसऱ्या दोघी मैत्रिणी, एकमेकींचं वाक्य पुरं करणाऱ्या. चौथ्याला फक्त आपण किती मोठे होणार ते सांगायचं होतं. चौघांनाही एक गोष्ट नक्की हवी – चक्कर संपली की नोंद आपोआप मालकाला जावी. लिहायचं राहतं, पाठवायचं राहतं, मग मालक फोनवर ओरडतात. चला, एक तरी खरी गरज हाती लागली.

आता उरली ती. फोन करायला हवा. उद्या करते.

१६ फेब्रुवारी, रविवार

तिचाच आला. "वहिनी, माझ्याकडे कधी येताय? गुरुवारी या, दिवसभर माझ्याबरोबर फिरा. नुसतं विचारून काय कळणार?"

म्हणजे माझं काम कसं करायचं तेही ही शिकवणार! दात-ओठ खात "हो" म्हटलं.

आईच्या घरी नाही गेले. डोकं दुखत होतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

लिहिते सगळं, नाहीतर झोप लागायची नाही.

सकाळी आठला तिच्या दारात. किल्ल्यांचा फळा – बावीस हुक, प्रत्येकावर नुसता नंबर. नाव नाही, पत्ता नाही. किल्ली हरवली तरी चोराला घर सापडायला नको. नावं फक्त तिच्या फोनमध्ये आणि डोक्यात. मला आवडलं, आणि आवडलं म्हणून राग आला.

पहिलं घर चार नंबर. आत शिरल्यावर ती काहीच करत नाही! मिनिटभर नुसती उभी. मी कागद काढून बसले तर म्हणते, "थांबा वहिनी, आधी वास घ्यायचा." मग ऐकायचं. कुठे टपटप होतंय का, फ्रिज बोलतोय का. त्यानंतर कामं. सगळे नळ सोडायचे, कारण बेसिनखालच्या वाकड्या पाइपातलं पाणी सुकलं की गटाराचा वास घरभर. फ्लश करायचे. गादीखाली हात घालून ओल बघायची. नऊ नंबरच्या फ्रीजरमध्ये तिने एका वाटीत बर्फ जमवून वर नाणं ठेवलंय. नाणं वरच असलं तर ठीक. तळाला गेलेलं दिसलं की समजायचं, मध्ये वीज गेली होती, बर्फ वितळून पुन्हा जमला, आतलं सगळं टाकून द्या. माझ्या चोवीस प्रश्नांत वाटी नव्हती, नाणंही नव्हतं.

प्रत्येक घरात ती दोन ओळी फोनवर लिहिते आणि मालकाला पाठवते. 'नळ सोडले. बाल्कनीत कबुतराने काड्या आणल्या होत्या, काढल्या. तुमच्या गुलाबाला तीन कळ्या.' एका मालकिणीचं उत्तर लगेच आलं, रडक्या चेहऱ्यांची रांगच. तीन कळ्यांसाठी! माझ्या अकरा वर्षांत मला एका ग्राहकाचं असं उत्तर आलेलं नाही.

मग मी सातवा प्रश्न विचारला. नोंद आपोआप जावी का?

"नको."

"का नको? चौघांना हवंय."

"काही नोंदी थांबवाव्या लागतात, वहिनी. घर ठीक असतं हो, पण माणूस ठीक असतंच असं नाही. कुणी आजारी असतं, कुणाला घराचं नावही नको असतं. मग आपण लिहून ठेवायचं. विचारतील तेव्हा द्यायचं."

"आणि कधीच नाही विचारलं तर?"

"विचारतात," म्हणाली. आणि नळ बंद करायला गेली.

ही काय गरज झाली? हे काय सॉफ्टवेअरमध्ये घालायचं? 'माणूस ठीक आहे का' असं बटण? मी 'नको' वर खूण केली आणि पुढे गेले.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. दुपारी चहा प्यायला बसलो तेव्हा तिने वही दिली बघायला. प्रत्येक घराची एक ओळ. 'चक्कर' खाली खुणा, 'नोंद पाठवली' खाली खुणा. सगळं शिस्तीत. फक्त सतरा नंबर! दर गुरुवारी चक्कर, आणि 'नोंद पाठवली'चा रकाना कोरा. वरपासून खालपर्यंत. पानं उलटली. मागेही कोरा. वर्षभर!

"हे काय?"

तिने वही हळूच मिटली. "ते घर मी कुणाला दाखवत नाही, वहिनी. आता तुम्ही घरी जा, दमला असाल. सतराला मी एकटी जाते."

अस्सं!

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सतरा.

मालकाला एकही नोंद नाही, म्हणजे मालकाला सांगायची गरज नाही. म्हणजे मालक तीच! घर घेतलंय हिने. गुपचूप. दीर आणि ती, दोघांनी मिळून. सासूबाईंना नक्की ठाऊक असणार, म्हणूनच तर चष्म्याच्या दोरीचं एवढं कौतुक. आम्ही इथे एका खोलीत कपाट हलवून सासूबाईंचा पलंग बसवतो आणि तिकडे रिकामं घर ठेवून दर गुरुवारी झाडलोट!

नवऱ्याला म्हटलं. तो म्हणाला, "तुझं डोकं फिरलंय."

२३ फेब्रुवारी, रविवार

आल्या होत्या राणीसाहेब. नवीन साडी नाही, दागिना नाही. साळसूद! "वहिनी, तुमचा चेहरा उतरलाय, काम फार होतंय का?" मी म्हटलं, मला काय धाड भरलीय.

पोटात दुखतंय माझ्या. लिहायला काय लाज? इथे कोण वाचतंय? हो, जळते मी तिच्यावर. ती खोलीत आली की सगळ्यांचे खांदे सैल पडतात. मी आले की सासूबाई टीव्हीचा आवाज कमी करतात. आईसुद्धा! आजारपणात शेवटी शेवटी आईने विचारलं होतं, "ती येणार आहे का आज?" मी रोज उशाशी बसलेली, आणि विचारलं कुणाला! ते मी अजून गिळू शकलेले नाही. आज पहिल्यांदाच लिहिलं.

आईच्या घरी जायचं राहिलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

केलं मी ते. पाठलाग! चाळिशी उलटलेली बाई, हातात ऑफिसची बॅग, आणि जावेच्या मागे.

ऑफिसात सांगितलं, ग्राहकाकडे जाते. खोटं थोडंच होतं? तिच्या गल्लीच्या तोंडाशी औषधाच्या दुकानात अर्धा तास खोकल्याच्या बाटल्या वाचल्या. दीड वाजता तिची स्कूटर निघाली. मी समोरची बस पकडली. खिडकीतून तिचं पिवळं हेल्मेट दिसत होतं. सिग्नलला ती थांबे, बसही थांबे. मजाच वाटायला लागली होती.

मग बस पुलाकडे वळली. ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पुलापलीकडे मी हल्ली जात नाही. पुलाच्या अलीकडच्या थांब्यावर उतरले. हेल्मेट पुलावर लहान लहान होत गेलं. तिकडे कुठेतरी आहे तर तिचं घर. चांगला भाग आहे तो. आई म्हणायची, इथे संध्याकाळी वारं छान येतं.

चालत परत आले. टाच सोलली.

४ मार्च, मंगळवार

अहवाल दिला. बेचाळीस पानं. गरज क्रमांक एक – चक्कर संपताच नोंद आपोआप जाणार, आणि जुनी न पाठवलेली काही राहिली असेल तर पहिल्याच दिवशी निघून जाणार. माणसाच्या विसराळूपणाला जागाच ठेवायची नाही. धाकटीचं 'नको' मी तळटीपेत घातलं – 'एक अपवाद, विचारात घेतलेला नाही.' लिहिताना बरं वाटलं, कबूल करते.

नाणं आणि वाटी मात्र घातली. 'निरीक्षणातून लक्षात आलं' असं लिहून. कुणाच्या निरीक्षणातून ते लिहिलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

तळपायाची आग मस्तकात गेलीय!

अहवाल बॉसला आवडला. टीम माझी. इथपर्यंत ठीक. मग म्हणतो, "ती नाण्याची गोष्ट फार छान. त्या बाईंचीच ना? वाटलंच. मी फोन केला होता त्यांना. पहिली चाचणी त्यांच्याकडेच करू. आणि त्यांना सल्लागार म्हणून घेऊ. तुमच्या टीमवर!"

माझ्या टीमवर. अकरा वर्षांनी मिळालेली टीम, एक दिवस माझी एकटीची असू द्यायची होती!

घरी आले तर सासूबाई दारातच. "दोघी एकत्र काम करणार म्हणे! किती छान!" कुणी सांगितलं? तिने. आणि म्हणे तिने सांगितलं, "वहिनींमुळे मिळालं हे."

वर हे! आता मी चिडायचं तरी कसं?

१० मार्च, सोमवार

चाचणीची तयारी. प्रोग्रामर तिच्या फोनमधलं सगळं उचलून आमच्याकडे घेणार – घरं, मालकांची नावं, नंबर, गेल्या दोन वर्षांच्या नोंदी, पाठवलेल्या आणि नुसत्या लिहून ठेवलेल्या. मजकूर मला दिसणार नाही. तो धंदा आणि मालक यांच्यातला, नियमच आहे. पण मालकांची नावं माझ्या पडद्यावर येणार.

धाकटी खुर्चीच्या टोकावर बसली होती, हेल्मेट मांडीवर. सही करण्याआधी म्हणाली, "वहिनी, एकच करा. सतरा वगळा."

"का गं?"

"अजून विचारलेलं नाही त्यांनी."

प्रोग्रामर माझ्याकडे बघत होता. मी शांतपणे म्हटलं, बघते हं. ती विश्वासाने सही करून गेली. फॉर्मवर दोन चौकोन होते – 'निवडक घरं' आणि 'सर्व घरं'. मी 'सर्व घरं' वर खूण केली. प्रोग्रामर म्हणाला, "पण त्या म्हणाल्या ना…" मी म्हटलं, "अर्धवट माहितीवर चाचणी होत नाही."

होत नाहीच. नियमाने मी बरोबर आहे.

परवा सकाळी दहा वाजता कळेल सतराचा मालक कोण. नाव तिचं की दिराचं, एवढंच बघायचंय. मग रविवारी जेवताना सगळ्यांसमोर विचारते. अगदी गोड आवाजात, तिच्याच.

१२ मार्च, बुधवार

दहाला सुरू केलं. बावीस घरं, बावीस नावं. सतराव्या ओळीत माझं नाव.

वाटलं, प्रोग्रामरने चाचणीसाठी घातलं. तेवढ्यात माझा फोन थरथरायला लागला आणि थांबेचना. एकसष्ट नोंदी. न पाठवलेलं आपोआप जाणार – गरज क्रमांक एक.

पहिली गेल्या वर्षीच्या जानेवारीतली. 'मावशींचं घर. तेराव्याला कुलूप लावून झाल्यावर वहिनींनी किल्ली माझ्या हातात दिली. त्यांच्या लक्षात नसावं. मागतील तेव्हा द्यायची. तोवर दर गुरुवारी.'

'नळ सोडले. सगळ्या खिडक्या अर्धा तास उघडल्या. आतल्या खोलीची नाही. मावशींची शाल तिथे आहे, वास जाईल.'

'फरशी पुसली. वहिनी कधीही येतील, लखलखीत दिसायला हवं.'

शेवटची, गेल्या गुरुवारची. 'मागच्या वेळी वहिनी बसमधून मागे येत होत्या. पुलाशी उतरल्या. आज स्कूटर हळू चालवली.'

अर्धी रजा टाकून घरी आले. ड्रॉवर उपसला. किल्ली नाही. चौदा महिने मी सगळ्यांना सांगत होते, किल्ली माझ्याकडे आहे. एकदाही ड्रॉवर उघडून बघितला नव्हता.

तिच्याकडे जाऊन मागायला हवी. चप्पल घालते.